सॅन डिएगो डाउनटाउन: टॉवरमधला कॉन्डो की लॉफ्ट?

खाडीकाठ:
दोन जागांवर गाडी अडली आहे. एक मरीना भागातल्या टॉवरमध्ये दोन बेडरूमचा कॉन्डो (फ्लॅट), दुसरा ईस्ट व्हिलेजमध्ये लॉफ्ट (आत भिंती नसलेलं मोकळं घर). ऑफिस सोरेंटो व्हॅलीत. एचओए (घरमालकांची सोसायटी) फी दोन्हीकडे महिना हजार डॉलरच्या घरात. एजंट व्ह्यूपलीकडे काही बोलत नाही. ऑफर टाकण्याआधी काय काय बघावं?

हिशेबनीस:
व्ह्यू फुकट आहे, बिल्डिंग नाही. विक्रेत्याला सोसायटीची कागदपत्रं कायद्याने द्यावीच लागतात (सिव्हिल कोड ४५२५): सीसी अँड आर (सोसायटीचे नियम), बजेट, रिझर्व्हचा (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या निधीचा) तपशील. बोर्डाच्या मागच्या १२ महिन्यांच्या मीटिंगची मिनिट्स मात्र मागितली तरच मिळतात. ती लेखी मागा आणि सगळ्यात आधी तीच वाचा. लिफ्ट, गळती, वकील, विमा हे शब्द वारंवार आले तर तिथे पैसे जाणार आहेत.

रिझर्व्ह स्टडीत 'पर्सेंट फंडेड' हा आकडा असतो, म्हणजे हवा त्या निधीच्या किती टक्के जमलाय. ७० च्या वर असेल तर ठीक, ३० च्या खाली असेल तर स्पेशल असेसमेंट (फीशिवायची जादा वर्गणी) येणार असं धरूनच भाव करा. सभासदांच्या मतदानाशिवाय बोर्ड नियमित फी वर्षाला २० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतं, वर बजेटच्या ५ टक्क्यांपर्यंत स्पेशल असेसमेंटही लावू शकतं. आणीबाणीच्या दुरुस्तीला ही मर्यादाही नाही. म्हणून आज फी कमी दिसते याचं फार कौतुक नको. बऱ्याचदा ती वर्षानुवर्षं न वाढवल्यामुळेच कमी असते.

कर्जाचंही बघा. बजेटच्या १० टक्क्यांहून कमी रक्कम रिझर्व्हमध्ये जात असेल, १५ टक्क्यांहून जास्त घरांची फी ६० दिवसांवर थकली असेल किंवा बांधकामातल्या दोषांवरून बिल्डरशी कोर्टकज्जा चालू असेल, तर साधं कर्ज अडतं. बिल्डरवर दाव्याची कमाल मुदत १० वर्षं, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या बिल्डिंगमध्ये हा प्रश्न आवर्जून विचारा. तुम्हाला रोखीने घेता आलं तरी पुढे विकताना गिऱ्हाईक कर्जवालंच येणार.

टॉवरकर:
मरीनासाठी आधी बेसमेंट पार्किंगच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर जा. खाडी जवळ, भूजल वर. भिंतींवर पांढरे क्षार फुटलेत का, छताला पत्र्याच्या पन्हळी लावून पाणी वळवलंय का, संप पंप सतत चालतोय का, ते पाहा. वॉटरप्रूफिंग बाहेरच्या बाजूने असतं, तिथे आता हात पोचत नाही. मग आतून इंजेक्शन मारत राहणं एवढंच उरतं.

दुसरं, तांब्याच्या पाइपांना बारीक छिद्रं पडणं. गरम पाणी बिल्डिंगभर सतत फिरतं त्या लाइनमध्ये वेग जास्त असला की वळणांवर तांबं आतून झिजतं. रीपाइपिंग झालंय का, नसेल तर ठरलंय का? ते मिनिट्समध्ये सापडेल.

एसी बहुतेक टॉवरमध्ये वॉटर-सोर्स हीट पंप (बिल्डिंगभर फिरणाऱ्या पाण्यावर चालणारा) असतो. कूलिंग टॉवर सोसायटीचा, घरातलं युनिट साधारणपणे तुमचं. त्याचं वय नेमप्लेटवर वाचा. बाल्कनीच्या रेलिंगचा पाया जिथे काँक्रीटमध्ये जातो तिथे गंजाचे ओघळ शोधा. खाऱ्या हवेची सुरुवात तिथूनच होते. एसबी ३२६ या कॅलिफोर्नियाच्या कायद्याखालची बाल्कनी तपासणी झाली, असं एजंट सांगेल. तो कायदा लाकडी आधाराच्या बांधकामाला आहे, काँक्रीट टॉवरला त्याचा उपयोग नाही.

आणि स्लॅब पोस्ट-टेन्शन (आत ताणलेल्या केबल असलेला) असेल तर परवानगीशिवाय एक भोकही पाडायचं नाही. ताणलेली केबल कापली गेली तर खर्च हजारो डॉलरच्या भाषेत जातो. झोपाळ्याचा बेत असेल तर आत्ताच सोडा.

खाडीकाठ:
झोपाळा रद्द 😀 लॉफ्टबद्दल कोणी सांगेल का?

उंबरठा:
लॉफ्टमध्ये झोपायची जागा बंद खोली नसते, त्यामुळे अप्रेझलला (बँकेच्या मूल्यांकनात) ती बेडरूम धरली जाईलच असं नाही. पश्चिमेकडे मोठी काच असेल तर दुपारी ३ नंतर जाऊन बसा. छत उघडं काँक्रीट असेल तर वरच्यांच्या पावलांचा आवाज सरळ खाली येतो. बिल्डिंग कोडप्रमाणे आयआयसी (पावलांचा आवाज किती अडतो त्याचा आकडा) किमान ५० हवा, सोसायट्या फरशी किंवा लाकडी फ्लोअर टाकताना अनेकदा त्याहून जास्त मागतात.

आपल्या घरांसाठी महत्त्वाचं: शेगडीवरचा हुड हवा बाहेर टाकतो की फिल्टरमधून परत घरातच सोडतो? उघड्या लॉफ्टमध्ये दुसऱ्या प्रकारचा हुड असेल तर मिरचीची फोडणी थेट गादीपर्यंत. वरच्या कपाटात डक्ट आहे का ते उघडून बघा.

ईस्ट व्हिलेज म्हणजे पेटको पार्क, बेसबॉलचं स्टेडियम. मॅचच्या रात्री ९ ला आणि आठवड्यातल्या साध्या रात्री ११ ला, दोन्ही वेळा त्या रस्त्यावर चाला. मरीनाला आवाज रेल्वेचा, मालगाड्या रात्रीही जातात. लिटिल इटलीकडे वळलात तर विमानं: उड्डाणं रात्री ११:३० ते सकाळी ६:३० बंद, उतरणं मात्र चालू असतं. ऑफिससाठी सांता फे डेपोहून कोस्टर ही लोकल गाडी सोरेंटो व्हॅलीला थांबते, दोन्ही जागांवरून डेपोपर्यंत किती चालावं लागतं ते मोजा.

हिशेबनीस:
विम्याचं राहिलं. एचओ-६ (तुमच्या कॉन्डोचा स्वतःचा विमा) घेताना मास्टर पॉलिसीचं (सोसायटीच्या विम्याचं) डिडक्टिबल, म्हणजे विम्याआधी स्वतः सोसायची रक्कम, विचारा. पाण्याच्या नुकसानीला ते वेगळं आणि मोठं असू शकतं. सोसायटीने तो खर्च सभासदांवर वाटला तर तुमचा वाटा भरणारं 'लॉस असेसमेंट' कव्हर त्या आकड्याला पुरेल एवढं ठेवा. भूकंप यात येत नाही आणि रोझ कॅन्यन फॉल्ट डाउनटाउनखालून जातो, तेव्हा त्याची वेगळी पॉलिसी. खरेदीनंतर सप्लिमेंटल टॅक्सचं (नव्या किमतीवरच्या वाढीव मालमत्ता कराचं) बिल वेगळं येतं. ते सहसा बँकेच्या एस्क्रो (कर-विमा भरायच्या) खात्यातून जात नाही, स्वतः भरायचं.

खाडीकाठ:
डाउन पेमेंटचा काही भाग आई-बाबा पुण्याहून पाठवणार आहेत. अडचण?

हिशेबनीस:
एलआरएसखाली (भारतातून पैसे बाहेर पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) प्रत्येकी वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत. वर्ष एप्रिल ते मार्च. कर्ज देणाऱ्या बँकेला गिफ्ट लेटर (पैसे भेट आहेत असं पत्र) आणि त्यांच्या खात्यातून पैसे निघाल्याचं स्टेटमेंट लागतं, म्हणून ऑफरच्या बऱ्याच आधी पाठवायला सांगा. दोघांची मिळून वर्षात १,००,००० डॉलरच्या वर भेट आली तर अमेरिकी कर खात्याचा फॉर्म ३५२० भरा. कर नाही, पण न भरल्यास दंड २५ टक्क्यांपर्यंत. तपासणीची मुदत नेहमीच्या करारात १७ दिवस असते, मिनिट्स पहिल्याच दिवशी मागा.