मदत हवी आहे : दगडावर खरवडून काढलेला उजेड टिकत नाही
नमस्कार मंडळी. जर्मनीतल्या सेनेफेल्डरने १७९८च्या सुमारास म्युनिकमध्ये शोधलेल्या शिलाछापाचं (म्हणजे दगडावरून छापण्याच्या लिथोग्राफीचं) तत्त्व साधं: तेलकट रेघ शाई धरते, ओला दगड धरत नाही. पण माझा जीव अडकलाय गोया या स्पॅनिश चित्रकारात. १८२५ साली, ७९व्या वर्षी, फ्रान्समधल्या बोर्दोत त्याने बैलझुंजीची चार चित्रं दगडावर काढली. दगड चित्रकाराच्या घोडीवर (ईझलवर) उभा ठेवायचा, करड्या रंगाने माखायचा आणि मग खरवडून उजेड, म्हणजे पांढरे भाग, काढायचा. काय धाडस!

मी तसंच केलं, पण तिसऱ्या छापालाच बैलाच्या पाठीवरचा उजेड काळवंडला. खरवडायचं आम्ल-गोंद (दगडावरचं चित्र पक्कं करणारं मिश्रण) लावण्याआधी की नंतर? नंतर असेल, तर त्या जागेला पुन्हा गोंद लावावा लागतो का? चुनखडीच्या दगडावर हात बसलेल्यांनी कृपया सांगा.