आयसीयूतल्या ब्रदरनं श्रावणात दाढी ठेवली तर चालते का?

नवा_ब्रदर_नाशिक
नमस्कार मंडळी. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं आणि नाशिकच्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणून लागलो. आमच्या घरात आजोबांपासून श्रावणात दाढी-कटिंग करत नाहीत, मीही कधी केलेली नाही. परवा राउंडला मेट्रन (मुख्य नर्स) मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "उद्या दाढी करून ये, नाहीतर ड्यूटीवर घेणार नाही." हातातला लाल दोरा आणि कडंही काढायला लावलं. कारण विचारलं तर, "ब्रदर दिसायला नीटनेटका हवा." आमच्या दोन डॉक्टरांची चांगली भरघोस दाढी आहे, त्यांना कोणी काही बोलत नाही. याच्यात नियम काय आहे? भांडू की गुपचूप करून टाकू?

साताऱ्याची_सिस्टर
प्रोबेशनवर आहेस, भांडू नकोस. पण हॉस्पिटलचं लेखी ड्रेस कोडचं पत्रक माग. ते मागण्याचा तुला हक्क आहे.

वॉर्डातला_जुना
वयानं मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारक होतो, नोकरीचा मोठा काळ मेडिसिन आणि टीबीच्या वॉर्डात गेला. मॅडमनी तुला चारचौघांत बोलायला नको होतं, आणि कारणही धड दिलं नाही. ते मी देतो.

आधी दोरा आणि कडं, कारण तिथं वादाला जागाच नाही. आपण हात मनगटापर्यंत धुतो. सुती दोरा दर वेळी भिजतो आणि वाळायच्या आत पुन्हा भिजतो. सक्शन केलं (नळीनं कफ ओढून काढला), बेडपॅन दिला, ड्रेसिंग सोडलं, सगळ्यातलं थोडं थोडं त्यात मुरतं. रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरच्या पोरांची मनगटं बघ. दुपारपर्यंत राखीचा स्पंज फुगलेला असतो, गोंडा मळकट झालेला असतो, आणि तोच हात सेंट्रल लाइनला, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला, लागतो. देवाचा दोरा दंडाला बांध नाहीतर गळ्यात घाल. कडं लॉकरमध्ये ठेव. घड्याळही मनगटावर नको. छातीला उलटं लटकवायचं मिळतं, सेकंदकाट्याचं घे, नाडी मोजायला तेच लागतं. नखांबद्दल डब्ल्यूएचओच्या 2009 च्या सूचना आहेत: नखाचं टोक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी. करंगळीचं नख वाढवायची आपल्याकडच्या पोरांना हौस असते. तुझं असेल तर आजच काप.

आता दाढी. धुतलेली, आखूड कापलेली दाढी साध्या वॉर्डात कोणाचं काही बिघडवत नाही. अडचण एन-95 मास्कची आहे, तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच हवा गाळतो. तुझी आत्ताची दाढी घेऊनच मास्क लाव, दोन्ही तळहातांनी तो झाकून घे आणि जोरात श्वास सोड. गालाशी किंवा हनुवटीखाली वारा लागला तर मास्क तिथून गळतोय. मास्कची कड आणि कातडी यांच्यामध्ये केस आले की हवा गाळली न जाता त्या फटीतून आत जाते, आणि त्याला भरघोस दाढी लागत नाही, एका दिवसाची खुंटंसुद्धा पुरतात. मिशी मास्कच्या आत मावत असेल तर खुशाल ठेव. आयसीयूत पेशंटला नळी घालताना, सक्शन करताना खोकला थेट तोंडावर येतो. कितीदा तरी टीबीचा रिपोर्ट नंतर येतो, तोवर आपण त्या बेडपाशी वाकून दिवस काढलेले असतात. तुझ्या घरी आजोबा आहेत ना? म्हाताऱ्या माणसाला हा रोग जड जातो. घरची रीत मलाही प्रिय आहे, पण आयसीयूत असेपर्यंत दाढी करावी, असंच मी सांगेन. आणि हाच हिशेब त्या दोन डॉक्टरांनाही लागू आहे. हे मॅडमना शांतपणे, केबिनमध्ये जाऊन विचार. इन्फेक्शन कंट्रोल कमिटीपुढे ठेवायला सांग.

बाकी टापटीप पेशंटच्या मनासाठी असते, आणि पुरुष नर्सला ती जास्त सांभाळावी लागते. लोक आपल्याला एकतर डॉक्टर समजतात नाहीतर मामा (वॉर्डबॉय) म्हणून पाणी मागतात. खेड्यातून आलेली आजी ईसीजीच्या वायरी घेऊन येणारा पुरुष दिसला की पदर घट्ट धरून भिंतीकडे तोंड करते. तिथं इस्त्रीचा युनिफॉर्म, छातीवर नावाची पट्टी, "आजी, मी इथला नर्स आहे, सिस्टरही येतायत" हे एक वाक्य, आणि खरोखर सोबत सिस्टर, एवढं असलं तर हात सैल होतो. तंबाखूचा वास असेल तर ती परत पदर ओढते. अत्तर-डिओही नको. केमोच्या पेशंटला त्यानं उमळतं, दम्याच्या पेशंटला धाप लागते. पायात बंद बूट घाल. वरून भोकं असलेल्या चपलांमध्ये सुई पडली तर सरळ पायात जाते.

कोल्हापूर_ते_लीड्स
जुन्या दादांशी सहमत. मी इथं इंग्लंडमध्ये वॉर्डवर आहे. इथं 2007 पासून कोपराच्या खाली काही नको असा दंडक आहे: अर्ध्या बाह्या, घड्याळ नाही, लग्नाची साधी अंगठी तेवढी चालते. शीख सहकारी कडं ठेवतात, पण हात धुताना आणि पेशंटला हात लावताना ते वर सरकवून घट्ट बसवतात. दाढीला बंदी नाही, पण घट्ट बसणारा मास्क वापरायचा तर फिट टेस्ट (मास्क कुठून गळत नाही ना, याची तपासणी) लागते आणि तिला गुळगुळीत दाढी करून जावं लागतं. धर्मामुळे ज्यांना दाढी काढता येत नाही त्यांच्यासाठी पंख्यानं गाळलेली हवा आत सोडणारे हूड असतात. काही शीख डॉक्टर कोविडमध्ये दाढीवर रबरी पट्टी बांधून त्यावर मास्क लावत. तुझ्या हॉस्पिटलात हूड आहे का विचार, नसणारच बहुतेक, महाग असतो.

नवा_ब्रदर_नाशिक
सगळ्यांचे आभार. काल मास्क लावून फुंकून पाहिलं, डाव्या जबड्याशी सरळ वारा येतो. हूड नाही. आजोबांना फोन केला, ते म्हणाले, "पेशंटसाठी करतोयस ना, मग कर." दोरा आईनं दंडाला बांधून दिला. पण रोज ब्लेड फिरवलं की माझ्या मानेवर पुटकुळ्या येतात. त्याचं काय करू?

वॉर्डातला_जुना
गरम पाण्यानं चेहरा धुऊन, केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं ब्लेड फिरव, उलटं नको. ब्लेड लवकर बदल. मानेचा जो भाग मास्कच्या कडेखाली येत नाही तिथं ट्रिमर पुरेल. पुटकुळी पिकली तर मॅडमना दाखव आणि ती बरी होईपर्यंत आयसोलेशनच्या, म्हणजे संसर्गी पेशंटच्या, बेडऐवजी दुसरे बेड माग. आणि डॉक्टरांच्या दाढीचं मॅडम काय म्हणाल्या ते इथं नक्की लिही.