मदत हवी आहे: ‘ले मिझराब्ल’ संगीतिकेमागची मंडळी

व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२च्या कादंबरीवरची ही संगीतिका १९८० साली पॅरिसमध्ये आली. संगीत क्लोद-मिशेल शोनबेर्ग, शब्द अलँ बुब्लिल आणि जाँ-मार्क नातेल. १९८५च्या लंडन प्रयोगासाठी दिग्दर्शक ट्रेव्हर नन आणि जॉन केअर्ड यांनी ती नव्याने घडवली. इंग्रजी गीतं हर्बर्ट क्रेट्झमरची. त्या प्रयोगातला नेपथ्यकार जॉन नेपियरचा फिरता रंगमंच तर थक्क करायचा, एवढी अफाट कादंबरी कुठेही न अडखळता पुढे सरकायची!

मला या सगळ्यांनी एकत्र काम कसं केलं ते वाचायचंय. तालमींत गाणी कशी बदलली, कोणते प्रसंग कुणी गाळले, नेपथ्य आधी ठरलं की चाली? दिग्दर्शकांच्या किंवा नेपियरच्या सविस्तर मुलाखती कुणाला माहीत असतील तर कृपया सुचवा. डेव्हिड हर्सीच्या प्रकाशयोजनेवर काही मिळालं तर फारच उत्तम.