मिनी ट्रॅक्टरची मागची चाकं रुंद करायचीत, कांद्याच्या गादीवाफ्यासाठी. सल्ला हवा

कांदेवाला_खेड
राम राम मंडळी. राजगुरूनगरजवळ अडीच एकर कांदा असतो. 24 एचपीचा फोर व्हील (चारही चाकांना ओढ असलेला) मिनी आहे. घेताना डोक्यात आंतरमशागत होती, म्हणून चाकं आत बसवूनच आणला. यंदा रब्बीला सपाट वाफे सोडून गादीवाफा करायचाय. कांदा-लसूण संशोधन संचालनालय आमच्या दारातच, त्यांची शिफारस 120 सेंमी माथा, 15 सेंमी उंची आणि मध्ये 45 ची सरी. चाकं किती बाहेर निघतील? फिटर म्हणतो, स्पेसर (चाकामागे बसणारी जाड चकती) टाकून देतो, अर्ध्या तासाचं काम. टाकू का?

दौंडचा_ऊसवाला
दादा, पाना उचलायच्या आधी टेप उचला. 120 अधिक 45, म्हणजे एका सरीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत 165 सेंमी. दोन्ही चाकं सरीत चालवायची तर टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत तेवढंच अंतर पाहिजे. मिनीची चाकं कितीही ओढा, तिथवर जात नाहीत. 165 चा वाफा मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने पाडून घ्या, नाहीतर वाफाच तुमच्या ट्रॅक्टरच्या मापाचा करा.

कांदेवाला_खेड
हे डोक्यातच आलं नव्हतं! आत्ता मोजलं. मागे बाहेरून बाहेर 107 सेंमी, टायर 8.3 चा.

गॅरेज_चाकण
8.3 इंच म्हणजे 21 सेंमी. 107 मधून 21 गेले, मध्य ते मध्य 86. हेच खरं माप, पुस्तकातही हेच दिलेलं असतं. नुसतं 'साडेतीन फूट' म्हणून सांगणारे गिऱ्हाईक रोज येतात.

स्पेसर लगेच टाकू नका. चाक जितकं बाहेर जाईल तितका स्टड आणि बेअरिंगवर ताण, वॉरंटीचा वाद वेगळाच. आधी तुमच्या चाकाची डिस्क बघा. ती परातीसारखी एका बाजूला खोल असते. खोलगट बाजू उलटली की चाक बाहेर जातं. पण चाक त्याच बाजूला उलटं बसवलं की टायरची नक्षीही उलटी होते. मग चिखलात टायर माती फेकत नाही, भरून बसतो. म्हणून डावं चाक उचलून उजवीकडे, उजवं डावीकडे. डिस्कही उलटते आणि नक्षीही सरळ राहते. टायरवर बाण असतो, तो पुढे फिरताना दिसला पाहिजे. काही रिमना डिस्कशी जोडणाऱ्या कानांची जागाही बदलता येते, तिथे आणखी दोन-तीन मापं निघतात.

टायरमध्ये पाणी भरलंय का? भरलं असेल तर एकट्याने हात लावू नका.

भीमाकाठ
जॅकचं मी सांगतो, कारण माझ्या पायावर बेतलं होतं. हँडब्रेक लावला, पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं हाऊसिंग उचललं. पण पुढचा एक्सल मधल्या पिनवर डुलतो, हे विसरलो. चाक निघालं आणि अख्खा ट्रॅक्टर एका बाजूला कलला. बंधू ओरडला म्हणून पाय वाचला. पुढचा एक्सल आणि चासीच्या मध्ये दोन्हीकडून लाकडी पाचर ठोका. वजन जॅकवर ठेवू नका, खाली जाड ओंडका द्या. आणि जमीन पक्की बघा, अंगणातली भुसभुशीत नको.

दौंडचा_ऊसवाला
रोटर (माती भुसभुशीत करणारं मागचं अवजार) किती फुटी आहे? साडेतीनचा असेल तर तोही 107 सेंमीच. आज चाकाची खूण बरोबर पुसतो. चाकं बाहेर गेली की दोन्हीकडे टायरचा पट्टा दाबलेला राहील.

कांदेवाला_खेड
साडेतीनचाच आहे, हाय रे कर्मा.

गॅरेज_चाकण
मग वाफ्याची माती आधी भुसभुशीत करून घ्या, चाकं नंतर बदला. वर्षातून दोनदा अदलाबदल, एवढंच. आणि पुढची चाकं मोजलीत का? फोर व्हीलला ती बहुतेक हलत नाहीत.

कांदेवाला_खेड
काल रविवारी काम झालं. पाचर ठोकून, चुलतभाऊ आणि मी. दोन्ही चाकं अदलाबदल केल्यावर मध्य ते मध्य 98 भरलं, बाहेरून 119. पुढची 84 वरच आहेत. म्हणून 68 चा माथा आणि 30 ची सरी धरली. सरीच्या मध्यापासून पुढचं चाक 7 सेंमी आत पडतं, वाफ्याची कड जेमतेम चाटतं. वाफा पाडताना अडचण नाही, मागचं अवजार ती कड पुन्हा ओढून घेतं. फवारणीला काय होईल ते बघू. माथा लहान, त्यामुळे ठिबकची एकच नळी. मडगार्डला टायर कुठे घासत नाही, आत असताना डाव्या बाजूला जेमतेम बोटभर फट होती.

नट आडवे-तिडवे आवळले. तरी तासभर चालवून पुन्हा पाना लावला, तर दोन नट पाव फेरा फिरले.

भीमाकाठ
उद्या सकाळी अजून एकदा बघा. रंग लागलेल्या डिस्कवर नट बसायला वेळ घेतात.

कांदेवाला_खेड
बघतो भाऊ. रोपं पाच आठवड्यांची झालीत, बुधवारपासून लागण.