काळे की 'केल'? परदेशी गेलेल्या आडनावांचं मराठीत काय करायचं

गोदाकाठ (नाशिक):
मंडळी जरा घाईचा प्रश्न आहे, पत्रिका छापायला टाकायचीये. मावसभावाचा मुलगा अमेरिकेतच जन्मला वाढला, लग्न मात्र इथे नाशकात, गंगापूर रोडला. आडनाव काळे. पण तिकडे शाळेपासून सगळे त्याला 'केल' म्हणत आले, ती सॅलडमधली पालेभाजी असते ना तेच, आणि आता तो स्वतःही केलच म्हणतो. त्याचं म्हणणं देवनागरीत पण केलच छापा, माझं नाव तेच आहे. मावशी म्हणते मी जिवंत असेपर्यंत काळ्यांचं केल होणार नाही. तर अशाला अपभ्रंश म्हणायचं का हे आता वेगळंच आडनाव धरायचं? आणि मराठीत लिहायचं काय?

जुना पंचवटीकर:
मावशींच्या बाजूने माझं मत. पण आधी हे होतं का ते बघा, कारण आपल्या आडनावांचा यात खास घोळ आहे. आपल्याकडे ढीगभर आडनावं एकारान्त. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी ई आला की तो बहुतेक वेळा मुका असतो आणि आधीच्या स्वराचा उच्चार बदलून टाकतो, केक, लेट, गेम सगळे तसेच. मग के ए एल ई चं केल होणारच. दाते असतील तर डेट, माने असतील तर मेन, राणे असतील तर रेन, मोरे म्हणजे मोअर, आणि गोरे झाले गोर, म्हणजे रक्ताचा सडा, वर्गातली पोरं काय सोडतात का. लांब आडनावं त्यातल्या त्यात वाचतात, देशपांडेचं 'डेशपँडी' होतं पण निदान ओळखू तरी येतं. ळ आणि ण ला तर रोमनमध्ये वेगळी जागाच नाही, ते विमानतळावरच राहतात.

आता गंमत बघा, पूर्वी हे नेमकं उलट व्हायचं. तेव्हा कारकून कानाने ऐकून लिहायचा, म्हणजे उच्चार बराचसा टिकायचा आणि स्पेलिंग काहीच्या काही व्हायचं. मॉरिशसला १८३४ पासून गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, गेले त्यांची नावं बघा. तिथले पहिले पंतप्रधान रामगुलाम, पहिलं नाव शिवसागर, पण लिहिलेलं एस डबल ई डब्ल्यू डबल ओ, सीवूसागर. जगन्नाथचं जे यू जी एन ए यू टी एच झालं, त्यातला यू म्हणजे इंग्रजी 'कप'मधला अ. ही बिहारकडची नावं, पण आपली कोकण साताऱ्याकडची माणसंही गेलीच होती तिकडे. आणि बऱ्याच घरांत आजा किंवा पणजाचं नुसतं नावच पुढे आडनाव होऊन बसलं.

आज स्पेलिंग पासपोर्टवर खिळे ठोकून बसवलेलं असतं, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर व्हिसा अडतो, म्हणून स्पेलिंग हलत नाही आणि उच्चार त्याच्याखालून सटकतो. म्हणून मी म्हणतो की तुमच्या भाच्याचं नाव बदललेलंच नाहीये, फक्त डोळ्यांनी वाचलं जातंय. अपभ्रंश म्हणायला ते कुणीतरी ऐकून बिघडवायला पाहिजे होतं ना.

देवळाली कॅम्प:
वरच्याला जोडून, आणि इंग्रजीतच असं होतं असं नाही. मी जर्मनीत होतो, तिथे जे म्हणजे य, त्यामुळे जोशींचं 'योशी'. तेच जोशी स्पेनला गेले की 'होशी'. चितळे तर धमाल आहे, सी एच चा फ्रेंच लोक श करतात आणि इटालियन लोक क, म्हणजे पॅरिसला शिताल आणि रोमला किताले. एकच पासपोर्ट हां.

गोदाकाठ:
हो पण न्यूयॉर्कजवळच्या एलिस आयलंडवर, जिथे जहाजाने आलेल्यांची तपासणी व्हायची, तिथे अमेरिकन अधिकाऱ्यांनी लोकांची नावं बदलली असं म्हणतात ना, म्हणजे तिकडे नाव बदलणं काही नवीन नाही.

मोडीवाचक:
ती दंतकथा आहे. एलिस आयलंड १८९२ ते १९५४ चाललं, पण तिथला अधिकारी नाव लिहायचाच नाही, जहाज कंपनीने निघतानाच्या बंदरात केलेली यादी असायची, ती समोर ठेवून तो प्रश्न विचारायचा आणि खुणा करायचा. दुभाषेही असायचे. नावं बदलली ती लोकांनी स्वतः, नंतर, नोकरी दुकान शाळा बघून. श्मिटचा स्मिथ, म्युलरचा मिलर. आणि म्हणूनच मला पंचवटीकरांचं पटत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष होते ते आयझेनहॉवर, मूळचे जर्मन ऐझेनहाउअर, मग आपण मराठीत त्यांना ऐझेनहाउअर लिहितो का? नाही. माणूस स्वतःला जे म्हणवतो ते त्याचं नाव. मुलगा केल म्हणतोय तर केल.

जुना पंचवटीकर:
आयझेनहॉवर मराठी होते का पण? आपलं घरचं उदाहरण घ्या की. शिंदे साताऱ्याकडून ग्वाल्हेरला गेले, इंग्रजीत सिंदिया झाले, हिंदीत तर चक्क सिंधिया लिहितात, देवनागरी असून. पण मराठीत महादजी शिंदेच आणि आजच्या पिढीलाही मराठी पेपर बऱ्याचदा शिंदेच लिहितात. सयाजीराव महाराज तर आपल्याच जिल्ह्यातले, १८६३ साली मालेगाव तालुक्यात कवळाण्याला जन्म, बडोद्याला दत्तक गेले, तिथलं स्पेलिंग जी ए ई के, इथल्या भाऊबंदांचं जी ए आय के. मराठीत दोन्हीकडे गायकवाड. घर कितीही लांब गेलं तरी मराठीत लिहिताना मराठी रूप, ही रीत आहे आपली.

मोडीवाचक:
राजेरजवाड्यांची गोष्ट वेगळी, त्यांना शाळेत कुणी पालेभाजी म्हणून चिडवलं नाही.

गंगेवरची:
पत्रिकेचं बाजूला ठेवा जरा, पण रामकुंडावर बाहेर देशातून लोक अस्थी घेऊन येतात किंवा आपलं कूळ शोधत येतात, तेव्हा तीर्थपुरोहित स्पेलिंग विचारतच नाहीत. मूळ गाव कोणतं, आजोबांचं पणजोबांचं नाव काय, यावरून नामावळीची वही निघते. आमच्या गुरुजींकडे जुनी पानं मोडीत आहेत, त्यात काळेच असणार, केल शोधून सापडायचा नाही. त्याला हे एकदा सांगून बघा, उगाच भावनेचं नाही, सोयीचं म्हणून.

आणि पत्रिकेचंच म्हणाल तर एवढा वाद कशाला, देवनागरी पानावर काळे छापा आणि तिकडच्या मित्रांसाठी इंग्रजी पान करणारच ना तुम्ही, त्यावर के ए एल ई. तो केल वाचेल, मावशी काळे वाचतील, एकाच अक्षरांत दोघांचं भागतं.

गोदाकाठ:
हे बेस्ट आहे, इंग्रजी पान करायचंच होतं. घरी टाकते हा उपाय.

म्हापशाचो:
गोव्यात पोर्तुगीजांनी नाईकांचं एन ए आय क्यू यू ई केलं होतं आणि 'कर' ला के ऐवजी सी, कुठेही न जाता घरबसल्या परदेशी झालो आम्ही. आता बरेच जण परत के लावतात.

देवळाली कॅम्प:
ळ साठी तमिळ-मल्याळमसारखं झेड एच लिहायला काय हरकत आहे? कोझिकोडमध्ये असतं ना.

मोडीवाचक:
ते वेगळं अक्षर आहे हो, आपल्या ळ ला तेही साधा एलच लावतात. आणि लिहून बघा के ए झेड एच ई, अमेरिकेत जाऊ द्या, सिडकोतल्या कुरियरवाल्याने 'काझे कोण' म्हणून फोन केला नाही तर सांगा.