प्रतिसाद: पदवीचा अर्ज आणि समारंभाची हजेरी

जळगावच्या आपल्या विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभाबद्दलच्या या चर्चेत वर सुचवलंय की पदवीचा अर्ज आणि समारंभाची हजेरी (कोण येणार, कोण नाही) एकाच फॉर्मवर घ्यावी. माझं मत उलट आहे. अर्ज दोन-तीन महिने आधी बंद व्हायला हवा, हजेरी मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत राहते. दोन्ही एकत्र ठेवलं की हजेरी बदलायला उघडलेल्या फॉर्ममधून नावंही बदलली जातात आणि छापील प्रमाणपत्र व नोंद जुळत नाही.

नोंदीची ओळख पीआरएनवरच (विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकावरच) ठेवा. आपल्याकडे पाटील, महाजन, पावरा, वसावे ही आडनावं इतकी आहेत की नावावरून शोध घेतला तर चुकीचा माणूस हमखास निघतो.

सगळ्यात जास्त वेळ मराठी नावांना द्या. जुना डेटा श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. ‘सूर्यवंशी’, ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’ अशी नावं वेगळी काढून डोळ्यांनी तपासा. मग छपाईचा नमुना विद्यार्थ्याला दाखवून मंजुरी घ्या, आणि त्या तारखेनंतर नाव गोठवा. पुढची दुरुस्ती फक्त परीक्षा विभागाच्या लेखी आदेशाने.

सुवर्णपदकांची यादी पुनर्मूल्यांकनाचे निकाल लागल्यावरच पक्की करा.

मंचावर खरं प्रमाणपत्र न देता रिकामा फोल्डर द्या. एक जण गैरहजर राहिला की पुढची सगळी रांग सरकते आणि प्रमाणपत्रं भलत्याच्याच हातात जातात. खरं प्रमाणपत्र काउंटरवर बारकोड स्कॅन करून, सही घेऊन द्या. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांना जळगावला येणं परवडत नाही, त्यांच्यासाठी ‘महाविद्यालयामार्फत’ हा पर्याय अर्जातच हवा.