पश्चिमेच्या खिडक्यांना यूपीव्हीसी टाकू का? घरात तीन मतं झाल्यात

फुलेवाडीकर
मंडळी, कोल्हापुरात फुलेवाडीत घर बांधायलोय, आतला गिलावा चालू आहे आणि खिडक्यांवरनं घरात रोज वाद. वडील म्हणतात सागवानच, कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय अॅल्युमिनियम स्लायडिंग टाका आणि मोकळे व्हा, बायकोनं बहिणीकडं प्लास्टिकच्या, म्हणजे यूपीव्हीसीच्या, पांढऱ्या खिडक्या बघितल्यात म्हणून तिला त्याच पाहिजेत. माझी अडचण एवढीच की हॉल आणि बेडरूमच्या खिडक्या पश्चिमेला, समोर नुसता ऊस, गगनबावड्याकडनं पाऊस आला की आडवाच येतोय. जुन्या घरात पावसाळाभर खिडकीखाली पोतं टाकलेलं असायचं. प्लास्टिक पिवळं पडतं, वाकतं असंपण ऐकलंय. कुणी वापरलंय का? खरं खरं सांगा.

रंकाळा_कट्टा
भावा आमच्याकडं सहा वर्षं झाली, अजून पांढऱ्या आहेत. शेजारच्यांच्या मात्र पिवळ्या पडल्या, त्यांनी स्वस्तातलं सेक्शन, म्हणजे फ्रेमची प्लास्टिक पट्टी, घेतलेलं. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं ते ऊन झेलतं, ते कमी घातलं तर नव्या खिडकीत काय कळत नाही, त्यामुळं रंगाची वॉरंटी लेखी घे. बाकी आमची गंमत सांगतो, पहिल्याच पावसात हॉलमध्ये पाणी. खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला फोनवर लई बोललो, तो बिचारा आला आणि बघतोय तर खालच्या ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायला जी बारकी भोकं असतात ती आमच्याच पेंटरनं पुट्टीनं बुजवलेली! काडीनं मोकळी केली, विषय संपला. त्याला चहा पाजून पाठवला.

गुण्या_ओळंबा
मी हेच काम करतो, सेल्समन समजलात तरी चालंल. वाकतं हे खोटं नाही. नुसत्या प्लास्टिकला दम नसतो, आत जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, पट्टी घालावी लागते, आणि ती बाहेरनं दिसत नाही म्हणून काटछाट तिथंच होते. खिडक्या साइटवर आल्या की जोरदार लोहचुंबक घ्या आणि उभ्या-आडव्या पट्ट्यांवर फिरवा, जिथं ओढत नाही तिथं आत काय नाही.

दुसरं, पश्चिमेला स्लायडिंग नको. स्लायडिंगच्या फटीत ब्रशसारखी पट्टी असते, वाऱ्यासोबतचं पाणी ती अडवत नाही. ओपनेबल, म्हणजे बिजागरीवर दारासारखी उघडणारी घ्या, ती रबरावर दाबून बसते. फक्त ती बाहेर उघडते त्यामुळं ग्रिल आतनं येणार, हे आत्ताच धरा. आणि माप गिलावा झाल्यावरच द्या, भिंतीला घट्ट ठोकून बसवू देऊ नका. दोन मीटरची पट्टी तापमानात ३० अंशांचा फरक पडला की चारेक मिमी वाढते, तेवढी जागा सोडून फोम आणि वरनं सिलिकॉन. लाकडी रंगाची घेतली तर ती आणखी तापते. निम्म्या तक्रारी खिडकीच्या नसतातच, बसवणाऱ्याच्या असतात.

शाहूपुरीची_काकी
आमच्याकडं २०१९ ला पुराचं पाणी आलं तेव्हा लाकडी खिडक्या फुगून बसल्या त्या बसल्याच, म्हणून प्लास्टिकच्या केल्या. २०२१ ला परत पाणी! फ्रेमी पाइपनं धुतल्या, काय झालं नाही, पण ट्रॅकमध्ये गाळ जाऊन चाकं आणि लॉक गेले, ते बदलावे लागले. म्हणजे प्लास्टिकला काय होत नाही असं दुकानदार म्हणतो ते अर्धंच खरं. आणि बाळा, वडलांना नाराज करू नको, पुढचं दार सागवानी कर.

फुलेवाडीकर
काकी, दाराचं ऐकून वडील खूश. आज चुंबक खिशात घालून एका दुकानात गेलो, शोकेसमधल्या खिडकीला चिकटला, तेवढ्यात दुकानदारानं विचारलं काय करालासा. पश्चिमेला ओपनेबल, मागं स्लायडिंग असं ठरवलंय. फक्त ग्रिल आतनं आलं तर कुंड्या कुठं ठेवायच्या म्हणून बायको विचारायलीय.

गुण्या_ओळंबा
टेरेसवर. बाहेर ठेवल्या तर खिडकी उघडताना पहिली कुंडी खाली जाईल.